थेंबातलं उलटं घर

सुमिए उराबे आणि तिच्या शेजारचे निशिउरा-सान यांच्यातला अबोला चार वर्षांचा होता, आणि त्याला कारण झाली होती पर्सिमनची पानं.

निशिउरांच्या आवारात, कुंपणाला अगदी खेटून, नारिंगी फळं धरणारं पर्सिमनचं जुनं झाड होतं. त्याची एक जाडजूड फांदी सुमिएच्या छपरावर यायची. पानगळीच्या दिवसांत छपराची पन्हळ पानांनी चोंदून जायची. नवरा होता तोवर तोच शिडी लावून ती साफ करायचा. तो गेल्यावर ते काम सुमिएच्या अंगावर पडलं. एकदा शिडीवरून तिचा पाय सटकला, थोडक्यात निभावलं, आणि त्या धास्तीत तिने वस्तीच्या प्रमुखाजवळ बोलून दाखवलं, की ती फांदी जरा कमी झाली तर बरं होईल. प्रमुख पडला उत्साही माणूस. त्याने थेट घरोघर फिरणाऱ्या सूचनेच्या पाटीवर लिहून टाकलं: 'आपल्या झाडांचा शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची रहिवाशांनी काळजी घ्यावी.' नाव कुणाचंच नव्हतं. पण गोजो गावाबाहेरची ती मूठभर घरांची वस्ती. झाड कुणाचं आणि त्रास कुणाला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशिउरा-सान करवत घेऊन झाडावर चढले. ऐंशीचं वय! फळांनी लगडलेली ती फांदी त्यांनी बुंध्यापासून कापली आणि खाली उभ्या असलेल्या सुमिएला वरूनच म्हणाले, "झालं समाधान, उराबे-सान?"

ती नवरी म्हणून या घरात आली त्या दिवसापासून ते तिला घरच्या पोरीसारखं 'सुमिए-चान' म्हणत आले होते. त्या सकाळपासून ती परक्यासारखी, आडनावाने, उराबे-सान झाली. मग तेही संपलं. सूचनेची पाटी तिच्याकडे द्यायची पाळी आली की ते ती फाटकाला टेकवून निघून जायचे. तीही त्यांच्या घराकडची खिडकी उघडेनाशी झाली.

माफी मागावी असं तिच्या मनात पुष्कळदा आलं. पण पहिला महिना गेला, मग वर्ष गेलं, आणि मग माफीचा विषय काढणंच चमत्कारिक वाटायला लागलं.

सुमिएला मूलबाळ नव्हतं. सहकारी दुकानाच्या मागच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. बटाट्याची कटलेटं तळायची, डबे भरायचे, झाकणांवर किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या. तिथे दिवसभर बोलणं व्हायचं ते 'तेल तापलं का?' आणि 'आणखी दहा डबे' एवढंच. घरी आल्यावर तेवढंही नाही. एकदा सलग दोन दिवसांच्या सुट्टीनंतर कामावर गेली, तर "नमस्कार" म्हणताना तिचा आवाजच फुटेना. दोन दिवसांत घशातून एक शब्द गेला नव्हता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. ती घाबरली. त्याच आठवड्यात सभागृहात चालणाऱ्या छायाचित्रणाच्या वर्गात तिने नाव घातलं. कॅमेऱ्याची आवड होती असं नाही. गुरुवारी तिला सुट्टी असायची आणि वर्ग गुरुवारचा होता.

वर्ग घेणारे मोरिवाकी-सेन्सेई जाडे, हसरे आणि बोलघेवडे होते. इतर मंडळी किल्ले, देवळं, आगगाड्या टिपायला लांबलांब जायची. सुमिएजवळ गाडी नव्हती. सेन्सेई म्हणाले, "कशाला जायचं लांब? सकाळी उठा, अंगणात जा, गवतावर दंवाचा एक थेंब शोधा. त्याच्या पलीकडे काय आहे ते त्या थेंबात दिसतं का बघा. फक्त पोटावर पडायची तयारी ठेवा म्हणजे झालं."

तिने जवळचं टिपणारी लेन्स विकत घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंगणात प्लास्टिक अंथरून खरोखरच पोटावर पडली. पहिल्यांदा नुसतंच धुकट काहीतरी दिसलं. मग श्वास रोखून ती बोटभर पुढे सरकली, आणि थेंबात एकदम तिचं अंगण उमटलं. उलटं. आभाळ तळाशी, जमीन वर, आणि मधे कॉसमॉसची फुलं खाली डोकं करून लोंबत होती. डोळ्यांनी कधी दिसली नव्हती इतकी रेखीव. पाकळीची शीर न् शीर त्या इवल्याशा गोलात मावली होती. वारा आला, थेंब थरथरला, आणि त्यातलं सगळं जगही थरथरलं. मग ऊन कुंपणावरून उतरलं आणि थेंब कुठे गेला ते तिला कळलंही नाही.

"अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

तेव्हापासून तो तिचा नेम झाला. उन्हाच्या आत उठायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि थेंब हुडकायचे. चष्म्याशिवाय हातभर अंतरापलीकडचं तिला सगळं धुक्यासारखं दिसायचं. पण पलीकडचं बघायचं होतंच कुणाला? गवताच्या टोकावरचा थेंब लांबट असायचा, त्यात घरं ताणल्यासारखी दिसायची. कोळ्याच्या धाग्यावरचे थेंब मात्र वाटोळे गरगरीत. एका धाग्यावर वीस थेंब, आणि विसांत वीस सूर्य. ती संध्याकाळी घरी येऊन चित्रं संगणकावर मोठी करून बघायची. जेवण समोर असायचं, ते निवायचं.

त्या ऑक्टोबरात कुंपणाच्या दोन काड्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलं. पहाटे चांगलंच दंव पडलं होतं. सुमिए बाहेर आली आणि जाळं बघून जागीच थबकली. मधल्या धाग्यावरच्या एका टपोऱ्या थेंबात निशिउरांचं अख्खं घर उतरलं होतं. करडी कौलं, लाकडी पडवी, आणि पर्सिमनचं झाड, त्याच्या प्रत्येक फळाचा नारिंगी ठिपका. त्या घराकडे तिने चार वर्षांत धड पाहिलं नव्हतं. थेंबात बघायला कुणाची ना नव्हती.

ती पोटावर पडली आणि एकामागून एक चित्रं घेत राहिली. खालच्या पाटाचं पाणी खळखळत होतं. एकदा कुठूनतरी खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, पण तिचा श्वास रोखलेला होता आणि थेंब धाग्यावरून ओघळायच्या बेतात होता. थेंब टिकला. अगदी मनासारखं चित्र मिळालं. ती उठली, गुडघे झटकले आणि हातपाय धुऊन कामावर गेली. दिवसभर कटलेटं तळताना ती मनात गुणगुणत होती.

संध्याकाळी भात लावून ती संगणकापुढे बसली. चित्र उघडलं आणि तिला आपलंच कौतुक वाटलं. कौल न् कौल मोजून घ्यावं असं घर. ती ते वाढवत वाढवत गेली. पडवीच्या खाली, म्हणजे थेंबात पडवीच्या वर, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पांढरं पडलेलं होतं. वाळत घातलेला कपडा पडला असेल, असं तिला वाटलं. तिने पुढचं चित्र उघडलं. पांढरं तिथेच होतं. त्याच्या पुढच्या चित्रातही होतं, पण आता त्यातून एक बारीकशी काडी निघालेली होती. आणखी दोन चित्रांत काडी नव्हती. अगदी शेवटच्या चित्रात ती पुन्हा होती, जरा वाकडी.

कपड्याला हात नसतो.

सुमिए उठली तेव्हा खुर्ची मागे आपटली. चपला न घालता ती रस्त्याने वळसा घालून निशिउरांच्या फाटकातून आत धावली. उजेड मावळत आला होता. पडवीच्या पायरीखाली, दगडी फरशीवर, बनियन आणि लांब चड्डी घातलेले निशिउरा-सान कुशीवर पडले होते. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. डोळे मात्र टक्क उघडे.

"निशिउरा-सान! निशिउरा-सान, ऐकू येतंय का?"

त्यांचे ओठ हलले. तिने कान जवळ नेला.

"पाणी," ते म्हणाले. मग जरा दम घेऊन, "उराबे-सान."

तिने पडवीतलं पांघरूण ओढून त्यांच्या अंगावर घातलं, ओंजळीने पाणी पाजलं, रुग्णवाहिकेला फोन केला आणि ती येईपर्यंत त्यांचा हात धरून बसली. हात लाकडासारखा थंड होता. दुसरं कुणी नव्हतं म्हणून गाडीत तीच बसली. इस्पितळात नर्सने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"शेजारी," सुमिए म्हणाली, आणि आपण काहीतरी खोटं बोललो असं तिला वाटत राहिलं.

कमरेचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. ओसाकाजवळच्या साकाई शहरातून त्यांची मुलगी कायो धावत आली. ती सुमिएसमोर कमरेत वाकून वाकून आभार मानायला लागली. "तुमचं लक्ष होतं म्हणून बाबा वाचले. रात्र गेली असती तर डॉक्टर म्हणतात... मी कसे उपकार फेडू?" तिने आणलेला मिठाईचा डबा हातात घेताना सुमिएला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सकाळी ती त्या माणसाच्या समोर, अगदी समोर, डोळ्याला कॅमेरा लावून पडलेली होती. हे ती कायोला सांगू शकली नाही. डबा तिने घरी आणून कपाटात ठेवला आणि उघडला नाही.

दोन आठवडे तिने कसेबसे काढले. मग एका गुरुवारी वर्ग बुडवला आणि इस्पितळात गेली. निशिउरा-सान उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होते. दाढी वाढलेली, चेहरा चिमणीएवढा झालेला.

सुमिए खुर्चीच्या कडेवर बसली. "मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या दिवशी सकाळी मी कुंपणापाशी होते. तुम्ही पडला होतात तेव्हाच. मी..."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी बघतच होतो की. तू माझ्याकडे, मी तुझ्याकडे."

"मला दिसला नाहीत हो तुम्ही! चष्मा वर सरकवलेला होता. मी थेंबात बघत होते."

"कशात?"

"दंवाच्या थेंबात. त्यात तुमचं घर दिसत होतं."

निशिउरा-सानांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं विचारताहेत. मग ते खोकल्यासारखं हसले. "आणि मला वाटलं, माझाच फोटो काढतेय. म्हातारा चड्डीवर आडवा पडलाय, घ्या फोटो, लावा सूचनेच्या पाटीवर!"

"काहीतरीच काय बोलता!"

"मग काय वाटणार? कॅमेरा थेट माझ्यावर रोखलेला!"

"तुम्ही हाक का नाही मारलीत?" सुमिएचा आवाज चढला. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. "एक हाक मारायची होती. कुंपण केवढंसं! दिवसभर पडून राहिलात तसेच!"

ते खिडकीकडे बघून बोलले. "तुला हाक मारायची म्हणजे काय म्हणून मारायची? चार वर्षांत सवय मोडलेली."

"पण हात हलवलात. चित्रात दिसतोय."

"जा म्हणत होतो. बघू नकोस, जा, असं."

"दोनदा हलवलात."

"पहिल्यांदा जा म्हणत होतो," निशिउरा-सान म्हणाले. "दुसऱ्यांदा नाही."

सुमिएने रुमाल काढला. ते तिला रडू देत होते. थांब म्हणाले नाहीत की उगी म्हणाले नाहीत.

"कायोला सांगितलं नाहीत तुम्ही," ती शेवटी म्हणाली.

"काय सांगायचं? दोन गाढवं होती, कुंपणाच्या दोन बाजूंना. एवढंच ना?" मग तिच्याकडे वळून, "तो फोटो आण पुढच्या वेळी. मोठा करून आण, सुमिए-चान. मला बारीक दिसत नाही."

तिने वहीच्या दोन पानांएवढं मोठं चित्र करून आणलं. त्यांना स्वतःकडे बघायचंच नव्हतं. कणीएवढ्या पांढऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं, "हं, हा मी," म्हणाले आणि पुढे गेले. मग चित्र फिरवून घराची छाननी सुरू झाली. "ही न्हाणीघराची खिडकी. हे दार अडकतं, वर उचलून ढकलावं लागतं. हे बघ, इथली कौलं मी आणि बायकोने वादळानंतर घातली, रंग वेगळा आहे. आणि ही बघ तू कापायला लावलेल्या फांदीची खूण."

"मी नव्हतं लावलं."

"बरं, मी कापली. राग आला होता. प्रमुखाला सांगितलंस ते राहू दे, पण मला का नाही सांगितलंस आधी? मीच शिडी लावली असती."

"भीती वाटली तुमची."

"माझी?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं.

ते घरी परतणार नव्हते. चालणं जमणार नव्हतं आणि कायोच्या घरात जिने होते. साकाईतल्या वृद्धांच्या निवासात जागा ठरली होती. हे सगळं त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगितलं, चित्रावरची नजर न काढता.

इकडे मोरिवाकी-सेन्सेईंनी ते चित्र वर्गात पाहिलं आणि ते आनंदाने नाचायचेच बाकी राहिले. "उराबे-सान, हे प्रांताच्या प्रदर्शनात गेलंच पाहिजे! मी इतकी वर्षं शिकवतोय, असा थेंब कुणाला सापडला नाही!" आयुष्यात कधी कुणी तिला असं म्हटलं नव्हतं. तिने निशिउरांना विचारलं.

"म्हणजे अख्खा नारा प्रांत मला चड्डीत बघणार?"

"कुणाला कळणार नाही हो. कणीएवढे तर दिसता."

"मला कळेल ना," ते म्हणाले.

तिने ते चित्र पाठवलं नाही. त्याऐवजी कॉसमॉसवरचा एक थेंब पाठवला. तो बरा होता. त्याला काही मिळालं नाही, आणि सेन्सेई पुढचे दोन वर्ग तिच्याशी जरा तुटकच वागले. मोठं केलेलं चित्र निशिउरा-सान साकाईला जाताना घेऊन गेले.

त्या हिवाळ्यात शेजारच्या घरात दिवा लागला नाही. चार वर्षं तिने तो दिवा मुद्दाम बघायचा टाळला होता. तरी तो लागतो हे तिला ठाऊक असायचं. आता संध्याकाळी परत येताना ते तिकडचं काळं छप्पर तिच्या अंगावर यायचं. ती सकाळी अंगणात जात राहिली. थेंब होते, जाळी होती, हात आता सराईत झाला होता. पण दरवाजा बंद असलेलं ते घर थेंबात नीट उतरलं की तिचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर तसंच राहायचं, आणि दंव उडून जायचं.

मार्चच्या सुरुवातीला कायोने घर विकलं. एका आठवड्यात यंत्राने ते पाडलं, झाडही काढलं. धूळ खाली बसल्यावर सुमिए सुट्टीच्या दिवशी दोन गाड्या बदलून साकाईला गेली.

निवासातली खोली स्वच्छ होती आणि तिला जंतुनाशकाचा वास होता. निशिउरा-सान आणखी आक्रसले होते. पलंगासमोरच्या भिंतीवर तिचं चित्र टाचण्यांनी लावलेलं होतं, उलटं. जाळं खालून वर चढलेलं, थेंब धाग्याला वरून चिकटलेला, सगळंच भलतं. पण थेंबातलं घर मात्र सरळ उभं होतं. कौलं वर, पडवी खाली, झाड आपल्या मुळांवर.

"नर्स येऊन सरळ करते," ते पुटपुटले. "मी परत उलटं करायला लावतो. तिला वाटतं मला समजत नाही." त्यांनी सुमिएकडे बारकाईने पाहिलं. "घर कसं आहे गं?"

कायोने त्यांना सांगितलं नव्हतं तर. सुमिएने भिंतीकडे पाहिलं.

"आहे की. दार अडकतं अजून."

"वर उचलून ढकलायचं."

"हो, तसंच ढकलते मी. वारा खेळावा म्हणून उघडते अधूनमधून."

"झाडाला कोंब आले?"

"आलेत थोडे. उशीर आहे अजून."

"हं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. सुमिए बसून राहिली. मधे नर्स आली, "अरेच्चा, पुन्हा?" असं हळू आवाजात म्हणत तिने चित्र काढून सरळ लावलं, सुमिएकडे बघून हसली आणि गेली. पावलांचा आवाज गेल्यावर सुमिए उठली, टाचण्या काढल्या, चित्र फिरवलं आणि चारी कोपरे अंगठ्याने दाबून घट्ट बसवले. त्यांना न उठवता ती बाहेर पडली.

घरी पोहोचली तेव्हा संध्याकाळ होती. शेजारच्या मोकळ्या जागेवर खडी पसरून झाली होती. मधे काही उरलं नव्हतं म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता थेट नदी दिसत होती, आणि पलीकडचे डोंगर. इतकी वर्षं या घरात काढून तिने ते इथून कधी पाहिले नव्हते. चांगलंच दिसत होतं. ती ओट्याला टेकून बराच वेळ बघत राहिली. मग दिवा लावला आणि एकटीपुरते वाटीभर तांदूळ धुवायला घेतले.